एर्लेंड काही दुर्बिणीला डोळा लावेना

थोरा एर्लेंडला पहिल्यांदा भेटली तीच मुळी त्याच्या पोटावर पाय देऊन.

नोव्हेंबरातली दुपार होती. दुपार आपली म्हणायची! आमच्या स्ट्रोवी बेटावर त्या दिवसांत चार वाजताच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. थोराच्या हातात लाल काचेची बॅटरी होती. अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडाने बिघडत नाहीत म्हणून तारे बघणारी माणसं तसली बॅटरी वापरतात. डोळे बिघडत नाहीत हे खरं, पण पायाखालचंही काही दिसत नाही.

"आई गं!" जमीन ओरडली.

"अरे देवा! माफ करा हं... तुम्ही... तुम्ही इथे झोपलात की काय?"

"हो तर. रोज झोपतो. थंडीत, चिखलात, भिंतीला टेकून... आधी पाय काढा हो बाई!"

तिने पाय काढला. त्याबरोबर दगडी भिंतीच्या पलीकडे काहीतरी धडपडलं आणि किनाऱ्याकडे उधळत गेलं.

"गेला," तो माणूस उठून बसत म्हणाला. "भिंतीच्या भोकातून हात घालून एडक्याचा पाय धरला होता मी. तासभर. सगळी मेंढरं भिंतीबाहेर समुद्राचं शेवाळ खात बसतात, ह्यालाच तेवढी माझी कोबी लागते. तुमच्यामुळे सुटला बघा."

"मी थोरा. आकाश दाखवायला आलेय इथे."

"कळलंय. पण आकाश आमच्याकडे आधीपासून आहे."

"आहे हो, पण कधी बघितलंत?"

"रोज बघतो. पाऊस येतोय का ते."

लाल उजेडात तिला त्याचं चिखलाने माखलेलं नाक दिसलं आणि नाकाखाली दाबून धरलेलं हसू दिसलं. माणूस दिसायला बरा होता. नको तितका बरा होता, आणि ह्याचा थोराला उगाचच राग आला.

"तो टेकाडावरच्या गोठ्याचा दिवा तुमचाच ना?" ती जरा ताठ होऊन म्हणाली. "अर्धं आकाश पुसून टाकतो तो. बंद कराल?"

"नाही."

"का पण?"

"बंद केला तर पलीकडची माणसं येतील."

थोराने कपाळाला हात लावला. मुद्द्याचं विचारावं आणि असलं काहीतरी ऐकावं! पण एर्लेंड खोटं बोलत नव्हता. समोरच्या हाल्से बेटावर त्याच्या काकाचं घर आहे. रोज संध्याकाळी इकडे एर्लेंडचा दिवा लागतो, तिकडे सिगुर्डकाकाचा. एखाद्या दिवशी एकीकडचा लागला नाही, तर काहीतरी संकट आहे समजून दुसरीकडच्यांनी होड्या काढून निघायचं. फोन आले, मोबाईल आले, तरी आमची ही रीत काही मोडली नाही.

आता थोराच्या कामाचं सांगते. बेटाचा कारभार बघणाऱ्या मंडळाने तिला एका अटीवर आणलं होतं. आकाश हे शिकल्यासवरल्यांचं किंवा तरण्याताठ्यांचं खासगी कुरण नाही, तेव्हा बेटावरच्या एकूण एक माणसाने दुर्बिणीतून बघितलं पाहिजे. ते झालं की तिचं काम संपलं. मग एडिनबराच्या मोठ्या वेधशाळेत तिची जागा तयार होती. असली जागा कोण सोडतं? थोरा तरी सोडणार नव्हती. निदान नोव्हेंबरात तरी नव्हती.

पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं ते इसाआत्यापाशी. इसाआत्या म्हणजे एर्लेंडची आत्या. पाय गेलेले, चाकांच्या खुर्चीत बसून साऱ्या बेटावर हुकूम चालवणारी. दुर्बिणीची डोळा लावायची जागा तिच्या डोक्याच्या वर हातभर.

"म्हणजे तारे उभ्या माणसांसाठी होय?" आत्या कडाडली. "छान! पुढच्या जन्मी उभी राहून येते."

थोरा फार ओशाळली. दोन दिवसांनी दार उघडते तो उंबऱ्यापाशी दुर्बिणीसाठी तीन पायांचं लाकडी तिकाटणं उभं. जुन्या होडीच्या फळ्यांचं, एक खिट्टी ओढली की दुर्बीण अलगद खाली यायची, थेट खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत. चिठ्ठी नाही की निरोप नाही. फक्त एका पायाला कोबीचं पान चिकटलेलं.

त्या संध्याकाळी इसाआत्याने चंद्र बघितला. खुर्ची पुढे सरकवून पुन्हा बघितला. मग म्हणाली, "एवढी वर्षं हे इथेच होतं आणि मला कुणी सांगितलं नाही!" दुसऱ्या दिवशीपासून आत्याच्या धाकाने रांग लागली. पोस्टातली जेसी आली, पाद्रीबुवा आले, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या मॅग्नससाठी तर दुर्बीणच खिडकीशी नेली. सगळ्यांनी बघितलं.

एक एर्लेंड सोडून.

रोज येऊन तिकाटण्याची खिट्टी घट्ट करून द्यायचा. किटलीतून चहा आणायचा, सातूची गरम भाकरी आणि चीज आणायचा. तिच्या गळ्याला स्वतःचा मफलर गुंडाळून जायचा. पण दुर्बिणीपाशी आला की ह्याचं आपलं काहीतरी निघायचंच.

"आज बघ ना रे," थोरा म्हणायची. एव्हाना 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"आज डोळ्यात कुसळ गेलंय."

"काल गेलं होतं ते?"

"काल डाव्या. आज उजव्या."

"मग उद्या?"

"उद्या एडक्याला बघायचंय. कोबीच्या वाटेवर आहे तो."

"एर्लेंड, तुला माझं काम फालतू वाटतं का? खरं सांग."

तो गडबडला. टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं नाही गं... थंडी फार आहे," एवढं बोलून चालता झाला.

थोराला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. ज्याने एक संध्याकाळ चुकवली नाही, त्याने तिच्या आवडत्या गोष्टीकडे डोळा उचलून बघू नये? एकीकडे रुसवा, आणि दुसरीकडे मनातला चोर सांगायचा, नाही बघत तर नको बघू दे... तो बघेल तोवरच तू इथे आहेस. त्या चोराला ती दटावून गप्प बसवायची आणि एडिनबराचा विचार करायची. पण एडिनबराच्या विचारातसुद्धा हल्ली कोबी यायला लागली होती.

डिसेंबरात मंडळाच्या अध्यक्षा कर्कनेसबाईंचा निरोप आला. शनिवारच्या बोटीने त्या स्वतः पाहुणे घेऊन येणार, बेटाचं आकाश बघणार, आणि काम पुरं झालं का ते तिथल्या तिथे विचारणार. थोरा तडक एर्लेंडच्या गोठ्यावर गेली.

"फक्त एक संध्याकाळ दिवा बंद ठेव. काकांना फोन करून सांग. माझ्यासाठी..."

शेवटचा शब्द निसटलाच. एर्लेंडने तिच्याकडे बघितलं, मग दिव्याकडे, मग बुटांकडे. "सांगतो," म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. इथेच घात झाला! पोराने फोनवर काय म्हणावं? "काका, शनिवारी दिवा लागणार नाही. काळजी करू नका. आम्ही सगळे अगदी मजेत आहोत."

आमच्याकडे 'कसं काय' विचारलं तर 'मेलो नाही अजून' हे सगळ्यात आनंदाचं उत्तर. बाकी सांधे, पाऊस, मेंढरांचे खूर. 'अगदी मजेत' असं आमच्या बेटांवर कुणी कधी म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नाही. काकाने फोन ठेवला आणि काकूला म्हणाला, "पोरगं कसल्यातरी भयंकर संकटात आहे. बोलायची चोरी झालेली दिसते."

शनिवारी आभाळ निरभ्र होतं. चहाच्या वेळेला बेटावरचा दिवा न् दिवा विझला. पाहुणे कुरणात उभे राहिले. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तेवढा त्यांनी पाय आपटत काढला. हळूहळू वर एकेक तारा उमटायला लागला, मग मूठ मूठ, मग सांडल्यासारखे.  कर्कनेसबाईसुद्धा पाय आपटायचं विसरल्या.

"आता कृत्तिका बघू," थोरा हलक्या आवाजात म्हणाली. "नुसत्या डोळ्यांना सहा दिसतात, पण..."

तोच समुद्राच्या बाजूने लख्ख उजेडाचा झोत आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर आदळला.

"घाबरू नका!" भोंग्यातून सिगुर्डकाका गरजला. "आम्ही आलोय!"

पाच होड्या! प्रत्येकीवर शोधदिवा. कांबळी, दोर, दोन टोप भरून मटणाचं सूप आणि आडदांड माणसं. पाहुणे डोळे चोळताहेत, इसाआत्या भावाला शिव्या घालतेय, काका 'जखमी कोण आहे' म्हणून विचारतोय. थोरा मधोमध उभी. तिला रडू येत होतं. एवढं जमवलेलं सगळं त्या उजेडात वाहून गेलं होतं.

"दिवे बंद!" एर्लेंड ओरडला. जन्मात तो एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. "बंद करा म्हणतो ना! त्या पोरीने महिनाभर जिवाचं रान केलंय. आलाच आहात तर रांगेत उभे राहा!"

मुकाट्याने दिवे विझले. काकाने सुपाचा टोप खाली ठेवला आणि खरंच रांगेत जाऊन उभा राहिला.

पुन्हा अर्धा तास काळोखात. त्या वेळात सूप फिरलं, कांबळी पाहुण्यांच्या अंगावर गेली. आत्याला दोघांनी उचलून शेकोटीपाशी नेलं. तिची शेकोटी म्हणजे निखाऱ्यांची झाकलेली बादली. खुर्ची रिकामी राहिली. थोरा त्या खुर्चीत बसली, आत्याची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. असंच बसून रडून घ्यावं, अंधारात कुणाला कळतंय!

कुणीतरी खुर्चीमागे आलं. घोंगडीचं टोक तिच्या पायाखाली सारखं केलं.

"आत्या," एर्लेंड पुटपुटला. "एक सांगतो, कुणाला बोलू नकोस."

थोरा वळून बघणार, तेवढ्यात तो पुढे बोललाही.

"तू रोज विचारतेस ना, मेल्या बघत का नाहीस म्हणून... अगं, कसा बघू? मी बघितलं की सगळ्यांचं बघून झालं. मग ती जाणार. त्या तिकाटण्याला फळ्या ठोकताना वाटलं होतं, जाईल तर जाईल... पण आता नाही गं वाटत. डोळ्यात कुसळ नाही, काही नाही. मला ती हवीय इथे. तिला एडिनबरात मोठी जागा आहे, मी अडवू नये, कळतं मला. पण नाही बघवत. त्या दुर्बिणीतूनही नाही, आणि तिला जातानाही नाही."

थोराने घोंगडी गळ्याखाली सारली. काय बोलावं? हळूच बोलावं का?

"एवढं बोलता येतं तुला," ती म्हणाली, "मग मला कशाला कुसळं सांगत होतास?"

 मागे टोपी जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"तू... आत्या कुठाय?"

"मी इकडे, निखाऱ्यांपाशी!" लांबून आत्या ओरडली. "आणि ऐकू आलं सगळं! सगळ्यांनाच आलंय!"

रांगेतला एकही माणूस हसला नाही. फक्त सिगुर्डकाका खाकरला आणि म्हणाला, "म्हणजे पोरगं खरंच संकटात होतं."

मग मात्र अख्खं कुरण हसलं. थोराही हसली, डोळे पुसत. अंधारात चाचपडत तिने त्याचा हात शोधला. तो गार होता, खरखरीत होता, आणि एडक्याचा पाय धरावा तसा त्याने तिचा हात धरला. ह्या वेळी सुटू द्यायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

रांग संपली. पलीकडची माणसं, पाहुणे, सगळ्यांनी कृत्तिका बघितल्या. काका तर दोनदा बघून आला. कर्कनेसबाई घसा साफ करत पुढे आल्या.

"छान झालं हो, थोराबाई. आता मला मंडळाला सांगावं लागेल. बेटावरच्या सगळ्यांचं बघून झालं ना?"

 एर्लेंडने तिचा हात सोडला. अगदी हळूच, पण सोडला. खाली वाकून तो दुर्बिणीकडे डोळा न्यायला लागला. अडवायचं नाही, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

थोराने हात पुढे केला आणि दुर्बिणीच्या डोळ्यावर झाकण बसवलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "एक जण राहिलाय. त्याच्या डोळ्यात रोज काहीतरी जातं. बराच वेळ लागेल."