फणसातला खिळा

"कोकिळे, लाकूड घे, पण त्यातल्या खिळ्याला हात लावू नको."

शेजारच्या बायजामावशीने बजावलं होतं. कोकिळाने ते हसण्यावारी नेलं...

यातला एकही शब्द पदरचा नाही. कोकिळा माझी चुलत आजेसासू. साल एकोणीसशे एकतीस, मार्गशीर्ष महिना. गाव अलिबाग.

रस्ता रुंद करायला कडेची झाडं पाडली होती. कोकिळाचा नवरा अंबाजी सुतार त्यातलं धड लाकूड निवडून आणी. त्यात कोपऱ्यावरचा फणसही आला.

त्या फणसात मनुबाई होती.

अंबाजीची पहिली बायको. बाळंतपणात गेली, पोरही गेलं. मग ती दिसू लागली, म्हणून भगताने तिला त्या झाडात खिळा ठोकून बांधली.

कोकिळा तिच्या जागी आली. पण अंबाजी येता-जाता त्या खोडावर हात ठेवायचा. रोज. सहा वर्षं.

कोकिळाच्या पाठीवर तसा हात कधी पडला नाही.

"माझ्या सदाचा पाळणा ह्याच फणसाचा!" ती हटून बसली. सदा दीड महिन्याचा होता. तिला ते खोड फळ्या-फळ्या झालेलं बघायचं होतं.

"खिळ्यावर करवत चालत न्हाय, दात जातील," अंबाजी पुटपुटला. "ऱ्हाऊ दे हे लाकूड."

"सवतीचा एवढा कळवळा? आणा ती पक्कड!"

खिळा तिनेच उपटला.

भोकातून पांढरा चीक आला... पाडून दोन महिने झालेल्या लाकडातून.

पाळणा झाला. आणि सदा रडायचा थांबला.

भर दुपारी पाळण्याची कडी कुरकुरायची... वारा नसताना.

कोकिळा धावत जाई. पाळणा हलत असे. जवळ कुणी नाही.

सदा तिच्या छातीला तोंड लावीना. दूध दाटून तिला ठणका लागे. पोर मात्र बाळसं धरत होतं.

"तुमी बोलावलंत तिला?"

अंबाजी मान खाली घालून रंधा मारत राहिला. "पोर वाढतंय नव्हं?"

त्या आवाजात कौतुक होतं. ते कोकिळाचं नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा तुझाच राहिला, बये. पोर मी नाही द्यायची!

पाळणा तिथेच टाकून, सदाला घेऊन ती चालत नागावला माहेरी गेली. आईने लुगड्याची झोळी बांधून दिली. कोकिळा दोरी धरून दुपारभर बसली. डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

झोळी हलली नाही. काही वाजलं नाही.

हायसं वाटून तिने सदाला पदराखाली घेतलं...

त्याने तोंड फिरवलं.

ओठ ओले होते. हनुवटीवर दूध. कोमट.

आणि तो तिच्या खांद्यावरून मागे बघून हसला.

सदा जगला, म्हातारा झाला. "आई" अशी हाकही मारायचा... पण कोकिळाच्या मागे बघून.

का, ते कुणी सांगू शकलं नाही.

तुमच्या घरी तान्हं असेल, आणि भुकेची वेळ टळूनही ते रडलं नसेल... तर वाचणं थांबवा.

जा. त्याच्या ओठांना बोट लावून बघा.