वीरधवलचं तापलेलं कार्ड

कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग केव्हाची हललेली नव्हती. उसाचं वाळकं पाचट पेटवून ड्रायव्हर पोरं शेकत बसली होती. एकजण मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. त्याच्याकडं बघून नाथाजीतात्या म्हणाले, "असल्याच गेमापायी घडलेलं सांगतो. ऐकीव न्हाई. मिरजंचा अमीर, माझ्या भाच्याचा दोस्त. त्यानं म्होरं बसून सांगितलंय. पर मधी कुणी बोलायचं न्हाई."

मोबाईल खिशात गेले. तात्या सांगू लागले.

अमीरचं मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गेल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख, शुक्रवार, अमावस्या लागलेली. शटर ओढायच्या वेळी कडेगावहून शिवांजलीचा फोन आला.

"अमीरदादा, दादाचं मशीन सारखं बंद पडतंय. ग्राफिक्स कार्ड लय तापतंय. उद्या माझी स्पर्धा हाय."

दादा म्हणजे वीरधवल, तिचा थोरला भाऊ आणि अमीरचा कॉलेजातला जोडीदार. वर्षापूर्वी मोटरसायकलवरून येताना अपघातात गेला. ते मशीन अमीरनंच जोडून दिलेलं. दोघं त्याच्यावर शर्यत खेळायचे. पहिला नंबर कायम वीरधवलचा, दुसरा अमीरचा. अमीर हसून टाळी द्यायचा, आणि घरी गेल्यावर त्याला झोप लागायची नाही. वीरधवल गेला तेव्हा अमीर रडला, अगदी मनापासून रडला. पण रडता रडताच त्याच्या मनात येऊन गेलं, आता हे मशीन त्याची आई, अंजनाकाकी, मलाच देणार. काकींनी ते शिवांजलीला दिलं. काल खेळायला शिकलेल्या पोरीला! तेव्हापासून कडेगावचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. कार्ड तापतंय ऐकून त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

तरी हत्यारं सॅकमध्ये टाकून तो निघाला.

अंजनाकाकींनी दार उघडलं. "जेवून घे आधी," म्हणाल्या. तो जेवला आणि वीरधवलच्या खोलीत गेला. भिंतीवर वीरधवलचा फोटो, हार घातलेला. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची काच काढली, ब्लोअरनं धूळ उडवली, कार्ड बाहेर काढून उघडलं. आतली, कार्डाची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. ती पुसून त्यानं पट्टीनं नवी पेस्ट सारखी पसरली, स्क्रू आवळले, पंखे तपासले. चाचणी लावली. कार्डाचं तापमान साठ अंशांच्या वर जाईना.

"झालं. बस आता खेळायला."

शिवांजली बसली. पोरगी चांगली खेळत होती. अमीरला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फारच चांगली. वळणं वीरधवलसारखी कापत होती, त्याच्याहूनही कडक. कमी वेळात शर्यत मारणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर वीरधवलचं नाव. तिची गाडी त्याच्या वेळेच्या पुढं निघाली.

पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढायला लागला. सत्तर. ऐंशी. नव्वद.

पडदा काळा झाला.

"असंच होतंय दादा. त्याच्या म्होरं गेलं की..."

दारात उभ्या काकी हळूच म्हणाल्या, "हरायला लागला की वीर बटनच बंद करायचा. ल्हानपनापासनं. दुसऱ्याचं वर गेलेलं त्याला बघवायचंच न्हाई."

अमीर हसला. "काकी, मशीन हाय ते. शिवांजली, सरक गं, मी बघतो."

मशीन परत चालू करून तो बसला. एवढ्या दिवसांनी हातात तीच गाडी. आज याला मागं टाकायचंच. तो जीव तोडून खेळला. पुढं गेला. केसभर पुढं.

आकडा थेट शंभरावर गेला.

पडदा विझला. जळका वास आला. अमीरनं घाईनं प्लग उपसला.

पंखे थांबले नाहीत.

वायर त्याच्या हातात होती. पंखे फिरत होते. जोरात. आणखी जोरात. खोलीत ऊब पसरली. मग धग. शिवांजलीनं आईचा हात धरला.

आता येत होता तो वास कार्डाचा नव्हता. हेअर ऑइल. वीरधवल लावायचा ते.

अमीरच्या मानेमागं कुणीतरी उभं होतं. त्यानं वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही.

"वीर..."

पंख्यांचा आवाज तेवढाच.

"वीर, मी तुझ्यावर जळत आलो गड्या. तू होतास तवा बी. आज हितं येताना बी. तुझं मशीन हिला मिळालं म्हणून ह्या पोरीवर बी जळलो." "तुला कसं वाटत असंल, मला कळतंय. दुसऱ्या कुणाला कळंल का न्हाई, ठावं न्हाई. पर ती तुझी बहीण हाय रं. तूच तिला शिकवलंस. जाऊ दे तिला म्होरं... मी बी जाऊ देतो."

...

पंखे मंद झाले. थांबले. खोली पुन्हा गार पडली.

मग काकींनीच प्लग लावला. "बस पोरी," एवढंच म्हणाल्या.

शिवांजली रडत रडत खेळली. भावाच्या पुढं गेली. वरच्या ओळीत तिचं नाव आलं. आकडा साठावर होता, तो तिथंच राहिला.

अमीर रात्रभर तिथंच बसून राहिला. उजाडल्यावर, निघायच्या आधी, त्याला राहवेना. कुठं काही जळलंय का बघावं म्हणून त्यानं कार्ड परत बाहेर काढलं. स्क्रू त्यानं आवळलेले तसेच घट्ट. एकेक सोडवला आणि वरचा भाग उचलला.

त्याच्याच हातानं पट्टीनं सारखी केलेली पेस्ट. तिच्यात मधोमध अंगठा उमटलेला. रेघ न् रेघ दिसत होती.

त्यानं आपला अंगठा वर धरून बघितला. ठशाशी जुळेना. शिवांजलीला बोलावलं. तिचा तर फारच लहान.

त्यानं ते पुसलं नाही. तसंच बंद केलं. कार्ड अजून चालतंय, आणि तापत नाही.