जिन्याच्या वळणावर

लातूरच्या त्या दवाखान्याची लिफ्ट बंद होती. सुकन्या कठड्याला धरून चढू लागली. पण दुसऱ्या मजल्याआधीच गुडघे बोलायला लागले. वळणावर तिच्यासारखाच एक जाडजूड तरुण आधीच भिंतीला टेकून बसला होता.

"बसा की," तो धापा टाकत म्हणाला. "पण मग... जिनाच बंद पडेल."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. शाळेत, बसमध्ये, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे तिने हेच ऐकलं होतं. आज मात्र ती खुदकन हसली — आणि बसली.

त्याचं नाव रुद्रेश. उदगीरला कापडाचं दुकान. दोघांचा डॉक्टर एकच, वारही एकच. लिफ्ट सुरू झाली, तरी दोघं जिन्यानेच येत राहिले...

"हसलात की खळी पडते तुम्हाला," तो एकदा म्हणाला.

"मांस लई हाय, म्हणून पडते."

"असू द्या की. चांगली दिसते."

बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. आधी तिला राग आला. मग कळलं, रात्री झोपेत त्याचा श्वास अडतो, तो दचकून उठतो. म्हणून दिवसा ही पेंग. डॉक्टरांनी नाकाला लावून झोपायचं मशीन दिलं होतं. ते खोक्यातच पडून होतं.

एके दिवशी तिनेच विचारलं, "आमच्या घरी... लग्नाचं बोलायला येता का?"

त्याने मान खाली घातली. "न्हाई. माझे अप्पा असेच झोपेत गेले. माय शेजारीच होती. सकाळी हात लावला, तर गार. तुमच्यावर तशी वेळ नको."

"मशीन हाय ना?"

"ते तोंडावर चढवून तुमच्यासमोर झोपू? त्यापेक्षा..."

तो उठला, खाली गेला.

सुकन्या पायरीवरच राहिली. नको म्हणणारे तिने पुष्कळ पाहिले होते. हा मात्र, ती हवी असून नको म्हणत होता! ती उठली. पायरीगणिक गुडघ्यातून कळ जात होती. आता गेला असेल रिक्षाने... तरी ती उतरत राहिली.

तो गेला नव्हता. दवाखान्याच्या दारातच भिंतीला धरून उभा होता, दम लागलेला. ती त्याच्याजवळ जाऊन थांबली. येणारे-जाणारे दोघांकडे वळून बघत होते. एरवी ती लगेच ओढणी नीट करायची; आज केली नाही.

"मशीन लावल्यावर भेसूर दिसतो मी," शेवटी तो पुटपुटला.

तिने त्याचा घामेजला हात धरला.

"दिसा भेसूर. सकाळी उठा म्हणजे झालं."