जेबेझ गेलचं फूल

वारा पडलाय, शेकोटीही चांगली धरलीय, तेव्हा सांगतो. थॉमसिन गेल ऑस्ट्रेलियात, आल्बनीला आमच्या शेजारी राहायच्या. हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

त्यांचा नवरा जेबेझ रानातली झाडंझुडपं गोळा करून मेलबर्नच्या एका विद्वानाकडे पाठवायचा. एका झुडपाची त्याने पानं आणि फळं पाठवली. उत्तर आलं : झाड नवं दिसतं, पण फुलाशिवाय कूळ ठरत नाही, मग नाव कसं देणार? फुलासाठी जेबेझ स्टर्लिंगच्या डोंगरात गेला, तो परत आलाच नाही. गावाने ठरवून टाकलं, ॲडलेडला कुणा बाईबरोबर पळाला.

थॉमसिनबाईंनी वर्षभर ते ऐकून घेतलं. फुलोऱ्याचा महिना पुन्हा आला, तशा त्या रूबेन टकच्या बैलगाडीतून त्याच डोंगराकडे निघाल्या.

"गवतासाठी डोंगर चढायचा, हे माझ्या बैलांनाच कळेल, बाई," रूबेन म्हणाला.

"मग तू त्यांच्याजवळच थांब."

चौदा ऑक्टोबर १८६८, बुधवार. अमावास्या तोंडावर आलेली. दिवसभर बाईंनी उतार पिंजून काढला. ते झुडूप काही दिसेना. शिधा संपत आलेला, सकाळी परतणं भाग होतं. अंधार पडल्यावर रूबेनने खालून हाका मारल्या, पण बाई उतरेनात. रिकाम्या हाताने गावात पाऊल कसं टाकायचं? आठच्या सुमारास कंदील विझला. बाई एका खडकाला टेकून बसल्या. रडूही येईना.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"लिहून घे."

जेबेझचाच. घरी तो सांगायचा आणि त्या लिहायच्या. हात आपोआप वहीकडे गेला.

"नमुना पहिला. पाकळ्या पाच. पुंकेसर दहा. रंग पिवळा, देठाशी लाल."

त्या अंधारात चाचपडत लिहीत गेल्या.

"जेबेझ... कुठे आहेस?"

"ठिकाण, ओढ्यावरचा तिसरा खडक. उजवीकडे हात घाल."

त्यांनी घातला. फांदी लागली. टोकाला फुलं. गार. त्यांनी ती मोडून घेतली. खाली आणखी काहीतरी लागलं. बूट. बूट रिकामा नव्हता.

"जेबेझ... घरी चल."

"नमुना दुसरा." आवाज आता अगदी कानाशी. "स्त्री. उंची पाच फूट दोन. डोळे करडे. श्वास..."

आवाज थांबला.

"श्वास चालू."

त्या धावत सुटल्या.

सकाळी रूबेनने तिसऱ्या खडकाजवळून जेबेझची हाडं गोणीत घालून आणली. मांडीचं हाड मोडलेलं होतं. फूल मेलबर्नला गेलं, झुडपाला जेबेझचंच नाव मिळालं. पळाल्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

वही मी एकदाच पाहिली. पहिली नोंद वाकडीतिकडी, ओळीवर ओळ चढलेली. दुसरी त्यांनी लिहिलीच नव्हती, त्या तर पळाल्या होत्या. तरी ती होती. सरळ, सुवाच्य, त्यांच्याच अक्षरात. उंची. डोळे. आणि शेवटी, नमुना गोळा केल्याची तारीख : नऊ मार्च.

दर नऊ मार्चला रूबेन दिवस-रात्र त्यांच्या दाराशी बसून राहायचा. कारण वर्षाची जागा कोरी होती.