उलटं बसवलेलं दार

तो मोठा दिवा मालवा आधी, डोळ्यांवर येतोय. हां, आता बसा. आणि मधेमधे "पुढे काय, पुढे काय" करायचं नाही, सांगून ठेवतो. ज्याला भीती वाटणार असेल त्याने आत्ताच उठावं आणि आईजवळ जाऊन झोपावं.

मी गवंडीकाम करायचो तेव्हा आमच्यासोबत एक सुतार होता. सगळे त्याला गुण्या म्हणायचे. काटकोन बघायचं अवजार असतं ना, तो गुण्या. काम इतकं चोख की नाव ठेवायला जागा नाही. आणि स्वतःच्या घराला दार म्हणाल तर नुसतं फळकूट! बायको इस्पितळात नर्स, तिची रात्रपाळी, घरात दोन लहान पोरं. एकदा तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "जगाची दारं करता, आणि आपलं दार मांजराने ढकललं तरी उघडतंय!"

मग हा पाडकामातलं एक जुनं सागवानी दार बघून आला. भंगारवाला खरं बोलणारा निघाला. "खोलीचं दार आहे," तो म्हणाला. "त्या घरातल्या बाईने दोन लेकरांना घेऊन आतून कडी लावली होती. नवरा बाहेर कुऱ्हाड घेऊन... तिघंही गेली. बघ बाबा, न्यायचं तर ने."

"लाकडाला काय कळतंय?" असं म्हणून गुण्याने दार हातगाडीवर चढवलं.

दाराच्या एका बाजूला घाव होते. याने सरस आणि लाकडाचा भुसा भरून ते बुजवले, पण पॉलिश केल्यावरही डाग दिसायचे ते दिसलेच. आता चार माणसं येणार जाणार, आणि सुताराच्या दारावर डाग? छे! त्याने दार फिरवूनच बसवलं. घावांची बाजू घरात, गुळगुळीत बाजू बाहेर. बिजागऱ्याही बाहेरच्या अंगाला आल्या. दुसऱ्या कुणाच्या घरी त्याने असं मुळीच केलं नसतं, चोराला आयतंच ना ते. पण दाराबाहेर व्हरांडा होता, व्हरांड्याला लोखंडी जाळी होती, रात्री जाळीला कुलूप असायचं. म्हटलं, चालतंय. वर आपोआप लागणारं लॅच बसवलं आणि स्वतःवरच खूश झाला.

मार्चमधला दुसरा रविवार. अमावस्या-बिमावस्या काही नाही, चांगलं चांदणं होतं. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. बायको पाळीला गेलेली. गुण्याला आठवलं, पोरांचे शाळेचे कपडे व्हरांड्यातल्या दोरीवरच राहिलेत. तो उठून बाहेर आला आणि कपडे काढायला लागला. मागोमाग थोरली आली, नऊ वर्षांची. तिच्यामागे चार वर्षांचा धाकटा, चड्डी सावरत.

"तुम्ही कशाला आलात रे शेपटासारखे?" गुण्या म्हणतोय तोवर...

खट्.

दार लागलं. वारा अजिबात नव्हता.

दाराची किल्ली आत. जाळीची किल्ली आत. फोनही आत. गुण्याने कपाळावर हात मारला. "झाली का पंचाईत!"

थोरलीला हसू आवरेना. "बाबा, तुम्हीच बसवलंत ना दार? मग उघडा की!"

"उघडतो गं बये, दम धर जरा." तोही हसतच बिजागरीकडे वळला. सळ्या उपसल्या की दार मोकळं, त्यात काय मोठंसं.

तेवढ्यात आत पावलं वाजली.

घरात कुणी नव्हतं. तिघंही बाहेरच होते.

पावलं दारापाशी येऊन थांबली. पलीकडून कुणीतरी दारावर तळहात फिरवला... सावकाश. मग एक पुरुषाचा आवाज आला, अगदी मायेने बोलल्यासारखा.

"उघड गं. काही नाही करत."

आणि पहिला घाव बसला.

व्हरांडा हादरला. धाकटा बापाच्या पायाला मिठी मारून जागीच ओला झाला. दुसरा घाव. तिसरा. तेव्हा कुठे गुण्याच्या डोक्यात उजेड पडला. दार त्याने फिरवलं होतं. कुऱ्हाडवाल्याची बाजू घरात गेली होती. आणि ती बाई ज्या बाजूला लेकरांना घेऊन उभी होती, त्या बाजूला आता तो उभा होता. लेकरांना घेऊन.

"वाचवा! अहो, कुणी आहे का?" तो जाळीला लटकून ओरडला. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. खिडकीत बसलेल्या माणसाने मानसुद्धा वळवली नाही.

फळी फुटली. भोकातून हात आला. कोपरापर्यंत. थोरलीची वेणी त्याच्या मुठीत.

"बाबा!"

एक हिसका. तिचं डोकं दारावर आपटलं. पुन्हा हिसका. पुन्हा आपटलं. तिचा चेहरा रक्ताने भरला. गुण्या त्या हाताला चावला. दात हाडापर्यंत गेले. रक्त नाही आलं... तोंडात भुसा आला.

त्या हाताच्या वर, भोकातून कुऱ्हाडीचं पातं बाहेर आलं. त्याने पोरीला सगळ्या ताकदीने खाली ओढलं. मानेवर यायचा घाव वेणीवर आला. वेणी तुटली. हात वेणी घेऊन आत गेला.

क्षणभर काहीच नाही.

मग पुन्हा घाव. खालची बिजागरी निखळली. दार आता वरच्या एकाच बिजागरीवर लोंबत होतं. तिची सळी जाडजूड होती. ती मिळाली तर जाळीचा कोयंडा उचकटता येईल. पण ती काढली तर दार पडणार... अंगावरच.

त्याने काढली.

नखं सोलली. दार कलंडलं. त्याने ते पाठीवर घेतलं, पोरांना पोटाशी दाबलं आणि सळी कोयंड्यात घालून रेटली. मानेवर श्वास लागत होता. थंड. "काही नाही करत... काही नाही करत..."

कोयंडा तुटला.

दोन काखांत दोन पोरं घेऊन तो अनवाणी पळत सुटला, तो थेट इस्पितळात. बायकोने थोरलीच्या कपाळाला टाके घातले. पोरगी जिवंत होती. दोघंही जिवंत होती.

सकाळी आम्ही काही जण त्या नवराबायकोसोबत घरी गेलो. दार चौकटीत होतं. बंद. अख्खं. एक ओरखडा नाही. समोरचा माणूस म्हणाला, "रात्री? नाही बुवा, काहीच ऐकलं नाही." आम्हाला वाटलं, गुण्याला भ्रम झाला. एकाने तर हळूच विचारलं, घेतली होती का रे थोडी? त्याने सरळ दार उतरवलं, अंगणात आडवं टाकलं आणि जाळायला म्हणून करवत लावली.

मधोमध करवत अडकली.

मी वाकून बघितलं. लाकडात केस होते. काळे, लांब. त्याने दुसरीकडे कापलं, तिथेही केस. मग आम्ही पहारीने फळी उभी फाडली. वरून चीर नाही, भोक नाही, आणि त्या सागवानाच्या पोटात अख्खी वेणी, लाल रिबिनीसकट. संध्याकाळी पाळीवर निघताना पोरीच्या आईने ती रिबीन बांधली होती. ती खाली बसली, रिबीन हातात घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "गाठ माझीच आहे."