डाव्या बुटाची तक्रार

"हा बूट आहे की उंदीर धरायचा पिंजरा?"

पुटपुटणाऱ्याला वाटलं, कुणी ऐकलं नाही. पण ती त्याच्याच पायाशी बसून स्कीच्या बुटाची क्लिप लावत होती. तिने वर पाहिलं. त्याचा चष्मा नाकावर घसरलेला, कान लालेलाल.

"उंदीर इतकी कुरकुर करत नाहीत," ती म्हणाली. "टाच आपटा. अजून एकदा. आता उभे राहा. अंगठा पुढे टेकतोय?"

"टेकतोय."

"गुडघे वाकवा."

तो वाकला. अंगठा अलगद मागे सरकला, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच कानामागून कुणी नाणं काढून दाखवलं.

बर्फातल्या खेळांचं सामान भाड्याने देणारं ते दुकान तिच्या मावशीचं. डोंगर तिथून रात्रभराच्या प्रवासावर. दुकानात नुसती तयारी. आणि ह्याच्या घरच्या तयारीचं काय सांगावं... दादाला स्नोबोर्ड हवा, वहिनीला स्की. दोघांचे उतार दोन टोकांना, त्यामुळे हॉटेल कुठलं घ्यायचं यावरून घरात जेवताना फक्त मीठ मागण्यापुरतं बोलणं उरलं होतं. हा चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचा. त्याला सोबत नेत होते ते भांडण सोडवायला.

पुढच्याच आठवड्यात बूट काखोटीला मारून तो परत हजर.

"डावा चावतोय. करंगळीला."

तिने बूट तपासला. काही नव्हतं. तरी तिने क्लिप सैल केली, आणि आलाच आहे तर, म्हणून उतारांचा नकाशा काउंटरवर पसरला.

"सकाळी या पूर्वेच्या उतारावर जा. ऊन आधी इथे येतं. दुपारी बर्फ मऊ होतो, साबणाच्या फेसासारखा... तेव्हा नवशिक्यांनी इथे पडावं."

"पडावंच का?"

"पडणार आहातच, तर मऊ जागी पडा. आणि हॉटेल हे घ्या, उतारावर नेणाऱ्या दोन्ही लिफ्टच्या मधोमध. वहिनी डावीकडे, दादा उजवीकडे, नाश्ता एकत्र."

"आणि मी?"

"तुम्ही..." तिने नकाशाची घडी घातली. जरा वाकडीच पडली.

ती बर्फाविषयी बोलू लागली की गिऱ्हाईक स्वेटरमध्येही शहारायचं. मावशी मात्र अशा वेळी कपाटात डोकं घालून मोजे लावत बसायची.

मग डावा बूट आला, उजवा आला, पुन्हा डावा आला. मावशीने त्याच्या बुटांसाठी काउंटरखालचा एक खण रिकामा करून ठेवला.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हा तो वहिनीलाच घेऊन आला. हॉटेल ठरल्यामुळे वहिनी खुशीत होती.

"माझ्या बहिणीच्या खोलीत एक पलंग मोकळा झालाय," ती म्हणाली. "तुम्ही चला ना. तुमच्याइतकं बर्फातलं कुणाला कळतं? आणि आमच्या भावोजींना उचलायलाही कुणीतरी लागेलच."

ती काउंटर पुसू लागली. "नाही जमणार. सीझन आहे."

"सीझन मी बघते," कपाटातून आवाज आला.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बूट उचलले. "राहू द्या, वहिनी. त्यांना नवशिके रोजचेच. सुट्टीत तरी कशाला... घेऊन जातो हे. आता चावत नाहीत."

आता चावत नाहीत. म्हणजे आता तो येणार नाही.

"मी बर्फ पाहिलेलाच नाही," ती म्हणाली. "फ्रीजरमधला सोडून. बूट परत द्यायला येतात ती माणसं सांगतात... आणि मी पुढच्याला सांगते. झालं."

कपाटात मोज्यांची चळत कोसळली. वहिनीने तोंडावर हात धरला.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "पण तो उतार पूर्वेलाच आहे ना?"

"नकाशात तरी आहे."

"मग पुरे. मऊ जागी दोघं पडू. नंबर काय तुमच्या पायाचा?"

तिने सांगितला. फळीवरून बूट काढून त्याने तिला बाकावर बसवलं आणि स्वतः खाली गुडघे टेकले. एकही पायरी चुकला नाही तो. इतक्या वेळा जवळून पाहिलं होतं ना... नुसता बूटच पाहिला असेल असं नाही.

"टाच आपटा. अजून एकदा. उभ्या राहा. अंगठा टेकतोय?"

"टेकतोय."

"गुडघे वाकवा."

ती वाकली. त्याचा चेहरा एकदम जवळ आला. कान पुन्हा तसेच लाल.

"चावतोय का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही कधीच चावला नव्हता."