रिकाम्या खुर्चीखालचं पाणी

फरशीवरचा तो डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. कडा स्पष्ट, मधोमध फुगीर थेंब.

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्या वसुंधरामावशीच्या बाबतीत घडलंय. ती प्रयोगशाळेत काम करते, न पाहिलेलं बोलत नाही. आजही तिला फोन लावला की मी आधी मागचे आवाज ऐकते.

ओमानमधलं सोहार. ईस्टरआधीच्या एका शुक्रवारची संध्याकाळ. चर्चच्या हॉलमध्ये सणाच्या स्तोत्राची तालीम चालली होती. गायक, ऑर्गन, दोन ट्रम्पेट, एक ट्रोम्बोन.

आणि एक रिकामी खुर्ची.

तिसरा ट्रम्पेट धनंजयकाकांचा, मावशीच्या नवऱ्याचा. ते गेल्या वर्षी गेले. इथल्याच मातीत त्यांना ठेवलं. ट्रम्पेट घरी कपाटात, पेटीत बंद.

त्यांची मुलगी अंतरा पुण्याहून सारखी विचारायची, "आई, राजीनामा दिलास का? ये ना आता."

"बघू गं," मावशी म्हणायची.

धनंजयला इथे एकट्याला टाकून कसं जायचं?

डाग त्याच खुर्चीखाली होता. मावशीने वर पाहिलं. छत कोरडं. एसी पलीकडच्या भिंतीवर. तिने टिश्यूने डाग पुसला.

"वसुताई, देवाच्या घरातही नमुने गोळा करताय?" ऑर्गनवरून जितेश हसला. "यल्ला, चला, शेवटचं कडवं!"

आवाज चढत गेले. पितळ गरजलं. मग तिसऱ्या ट्रम्पेटची जागा आली...

काहीच वाजलं नाही. तेवढी पोकळी राहिली.

मावशीने खाली पाहिलं.

डाग... परत आला होता.

ट्रम्पेट फुंकताना श्वासाची वाफ नळीत थंड होते, पाणी साठतं. वाजवणारा कळ दाबून ते खाली सोडतो. काका नेहमी डाव्या पायाशी सोडायचे.

डाग डावीकडेच होता.

तालीम संपली. जितेश दिवे घालवून गेला. कुलूप लावायला मावशी एकटीच दाराशी उरली.

फोन वाजला. अंतरा.

"आई, अजून तालीम चालू आहे?"

"नाही गं. सगळे गेले."

"मग मागे ट्रम्पेट कोण वाजवतंय?"

मावशीने कान दिला. अंधारा हॉल. एसीसुद्धा बंद...

तिला काहीच ऐकू येईना.

"आई... अगदी बाबांसारखं वाजतंय गं."

मावशी श्वास रोखून उभी राहिली. तरीही काही नाही. एक सूर नाही.

तिने कुलूप लावलं नाही. दार हळूच आत ढकललं.

"अंतरा," ती म्हणाली, "मी परत येत नाहीये."